पुढच्यास ठेच, मागचा शहाणा? शिरूर-भीमथडी, १८७४-७५

१/
"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा" ही म्हण मराठी माणसाने लहानपणापासून ऐकलेली असते. तिच्यात शहाणपणाची एक व्याख्या दडलेली आहे: कोणीतरी आधी ठेचकाळतो, मागून येणारा ते पाहून पाऊल जपून टाकतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. एकाच दगडाला पिढ्यान्‌पिढ्या ठेच लागत राहते आणि मागचा काही शहाणा होत नाही. मग शहाणपण येते कधी आणि कशाने? या प्रश्नाचा शोध पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, आजच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत, दीडशे वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रकरणातून घेता येतो.

२/
हे प्रकरण इतिहासाच्या पुस्तकांत 'दख्खनचे दंगे' या नावाने येते. शाळेत त्याला एखादा परिच्छेद मिळतो: सावकारांनी पिळले, शेतकरी चिडले, रोखे जाळले, सरकारने कायदा केला. या चार वाक्यांच्या मधल्या जागेत बरेच काही घडले. शेतकरी काय शिकले, सरकार काय शिकले, पुण्यातील विचारवंत काय शिकले आणि कोण काय शिकायचे राहून गेले, याचा हा आढावा.

३/
आधी भूगोल. भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्यांकाठचा हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तेव्हा कालवे नव्हते. बाजरी, ज्वारी आणि आभाळाकडे लागलेले डोळे, अशी शेती. शिरूर म्हणजे घोडनदी, इंग्रजांच्या छावणीमुळे वाढलेले गाव. दौंड तेव्हा तालुका नव्हता. आजचे दौंड आणि बारामती हे दोन्ही तालुके मिळून 'भीमथडी' हा एकच मोठा तालुका होता. म्हणूनच आज बारामती तालुक्यात असलेले सुपे आणि दौंड तालुक्यातील केडगाव १८७५ च्या कागदपत्रांत एकाच तालुक्यातील शेजारी गावे म्हणून भेटतात.

४/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कंपनी सरकारने येथे रयतवारी पद्धत आणली. सारा भरण्याची जबाबदारी आता गावाची राहिली नाही. ती एकेका खातेदारावर आली. पहिली आकारणी इतकी जड होती की जमिनी ओस पडल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी पाहणी केली आणि १८३६ पासून, इंदापुरातून सुरुवात करून, तीस वर्षांसाठी सारा ठरवून देण्यात आला. सारा रोख द्यायचा, ठरल्या वेळी द्यायचा. पाऊस मात्र कोणत्याही कराराने बांधलेला नव्हता. हातात पीक नाही आणि साऱ्याची तारीख आली, की पावले सावकाराच्या ओसरीकडे वळत.

५/
सावकार जुन्या काळीही होताच. पण तेव्हा तो गावावर अवलंबून असे. वसुलीसाठी त्याला पाटलाची, पंचांची आणि लोकलज्जेची मदत लागे. म्हणून कुळाला पार बुडवणे त्यालाही परवडत नसे. नव्या व्यवस्थेत दिवाणी न्यायालय आले. कागद खरा ठरला की हुकूमनामा मिळे, हुकूमनाम्यावर जप्ती आणि लिलाव होई. गावाच्या मर्जीची गरज उरली नाही. परस्परांच्या गरजेतून जो तोल राहत असे, तो ढळला.

६/
तो कागद कसा असे? वर देवनागरीत किंवा मोडीत मजकूर, खाली ऋणकोची सही. कुणब्याला लिहिता येत नसे, म्हणून त्याच्या नावापुढे नांगराचे चित्र काढले जाई: 'निशाणी नांगर'. ज्या अवजारावर त्याचे पोट चालते, तेच अवजार त्याच्या कर्जाची साक्ष देई. मजकुरात रक्कम किती, व्याज किती, मुदत किती, हे त्याला दुसऱ्याने वाचून दाखवावे लागे. बहुधा तो दुसरा म्हणजे सावकार किंवा त्याचाच लेखनिक.

७/
जुन्या धर्मशास्त्रात 'दामदुप्पट' नावाचा एक दंडक होता. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. शेकडो वर्षांच्या देण्याघेण्यातून तयार झालेले हे शहाणपण होते: कर्ज इतके वाढू देऊ नये की देणारा आणि घेणारा दोघेही बुडतील. १८५५ च्या कायद्याने व्याजदरावरील मर्यादा उठवली. दामदुप्पट नावाला शिल्लक राहिला, पण त्याला बगल देणारी वाट लवकरच एका सद्हेतूच्या कायद्यानेच खुली केली.

८/
१८५९ चा मुदतीचा कायदा असे सांगत होता की साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा लावता येईल. हेतू चांगला होता: जुनी कर्जे व्याजासह फुगू नयेत. प्रत्यक्षात उलटे झाले. सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि त्यात मागचे व्याज मुद्दल म्हणून धरू लागला. उदाहरणापुरता हिशोब पाहू. शंभर रुपये, वर्षाला २४ टक्के. तीन वर्षांनी १७२ चा नवा रोखा. सहा वर्षांनी सुमारे २९६ चा. नऊ वर्षांनी सुमारे ५०९ चा. दामदुप्पट पाळला असता तर दोनशेच्या पुढे जायचे नव्हते. कागदावर मात्र प्रत्येक रोखा 'नवे कर्ज' होते.

९/
येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कायदा करणारे अडाणी नव्हते. त्यांच्यापाशी माहिती होती, तर्क होता, चांगला हेतूही होता. उणीव होती ती रोखा प्रत्यक्षात कोणत्या ओसरीवर, कोणासमोर, कोणत्या अडचणीच्या दिवशी लिहिला जातो, याच्या जाणिवेची. त्यांना नियम कळला होता. तो नियम नांगराची निशाणी करणाऱ्या माणसापर्यंत पोहोचल्यावर त्याचे काय होते, ते कळले नव्हते. विद्वत्ता आणि शहाणपण यांतील अंतर दाखवणारे याहून नेमके उदाहरण शोधावे लागेल.

१०/
मग अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला जाणे जवळजवळ थांबले आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतमालाच्या किमती चढल्या. त्याच सुमारास रेल्वेचे रूळ पडत होते, बोरघाटाचे काम १८६३ मध्ये पुरे झाले. मजुरीचा पैसाही खेळत होता. अशा दिवसांत सावकार हात सैल सोडतो आणि कुळही कर्ज घेताना कचरत नाही. युद्ध संपले, भाव कोसळले, सैल सोडलेले हात आवळले गेले. चढत्या भावाच्या काळात घेतलेले कर्ज आता उतरत्या भावात फेडायचे होते.

११/
नेमक्या याच वेळी तीस वर्षांची जुनी मुदत संपत आली. १८६७ पासून इंदापूर, भीमथडी आदी तालुक्यांत फेरआकारणी सुरू झाली आणि सारा बराच वाढला. तेजीच्या वर्षांतील भाव डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेला सारा मंदीच्या वर्षांत वसूल होऊ लागला. पुण्यात १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने या प्रश्नाकडे लक्ष दिले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी शेतकऱ्यांच्या तक्रारी गोळा करू लागले. शहरातील शिकलेला माणूस गावचा हिशोब विचारू लागला, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

१२/
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १८३६ ते १८७४ या जवळजवळ चाळीस वर्षांत शेकडो कुटुंबांना ठेच लागली होती. तरी 'मागचा' शहाणा का झाला नाही? कारण कर्ज ही घरात झाकून ठेवायची गोष्ट होती. ज्याचे त्याचे खत वेगळे, ज्याची त्याची वही वेगळी, ज्याची त्याची लाज वेगळी. शेजाऱ्याची जमीन लिलावात निघाली की त्याचे नशीब फुटके, त्याने लग्नात उधळले, असे म्हणायला वाव राही. सुटी सुटी दुःखे कितीही असली तरी त्यांची बेरीज झाल्याशिवाय त्यांतून अर्थ निघत नाही. ती बेरीज शिरूर तालुक्यातील एका गावात झाली.

१३/
गाव कर्डे. साल १८७४, महिना डिसेंबर. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांच्या कर्जापोटी हुकूमनामा मिळवला. देशमुख म्हणजे गावातील मानाचे घराणे. सावकाराने त्यांना घराबाहेर काढले आणि राहते घर पाडायला घेतले. साध्या कुणब्याची जमीन जाणे गावाने अनेकदा पाहिले होते. देशमुखाचे घर भर गावात पडताना दिसले, तेव्हा प्रत्येकाला आपल्या घराची भिंत आठवली असावी. जे देशमुखाचे झाले ते कोणाचेही होऊ शकते, एवढे त्या पडक्या घराने सांगितले.

१४/
गावाने हाणामारी केली नाही. सावकारांना वाळीत टाकले. त्यांच्या जमिनी कोणी कसायच्या नाहीत, दुकानातून काही घ्यायचे नाही, पाणी भरायचे नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही. गावगाड्यात माणूस एकटा जगूच शकत नाही. रोजच्या जगण्याला किती हात लागतात, हे ते हात थांबल्यावर कळते. अखेर सावकारांना गाव सोडून शिरूरच्या आश्रयाला जावे लागले. आसपासच्या गावांत हाच मार्ग पसरला. इंदापूर तालुक्यातील कळस येथे तर लेखी 'समापत्र' तयार झाले: जो सावकाराची चाकरी करील त्याला गाव आपल्यात घेणार नाही.

१५/
इंग्रजीतील 'बॉयकॉट' हा शब्द १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात जन्माला आला. तेथे कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला कुळांनी असेच एकटे पाडले होते. कर्ड्याचे लोक त्यांच्या सहा वर्षे आधी तेच करत होते. त्यांनी ते कोणत्याही पुस्तकातून घेतले नव्हते. जातपंचायत ज्या हत्याराने आपल्याच माणसाला शासन करी, तेच हत्यार त्यांनी सावकारीच्या व्यवस्थेवर उगारले. वाळीत टाकण्याच्या या हत्याराने शतकानुशतके दुबळ्यांवरही अन्याय केला आहे, हे विसरता येत नाही. येथे त्याची दिशा बदलली.

१६/
पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, सुप्यात बाजार भरला होता. भोवतालच्या गावांतून शेतकरी जमले. जमावाने गुजराती सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. मागणी एकच होती: वह्या आणि रोखे द्या. मिळालेली कागदपत्रे जाळण्यात आली. काही ठिकाणी धान्य आणि कापड लुटले गेले, घरालाही आग लागली. चोवीस तासांच्या आत सुमारे चौदा मैलांवरच्या केडगावात सावकाराच्या गंजी आणि घर पेटले. मग लोण शिरूर, इंदापूर आणि नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे या भागांत पोहोचले. तीसहून अधिक गावांत दंगे झाले.

१७/
या दंग्यांचे सर्वांत उल्लेखनीय वैशिष्ट्य तत्कालीन सरकारी अधिकाऱ्यांनीच नोंदवून ठेवले आहे. माणसांवर गंभीर हल्ले फार थोडे झाले. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले, तेथे बहुधा त्याला हात लावला गेला नाही. ज्यांना ते कागद वाचता येत नव्हते, त्यांनी आपल्या दुर्दशेचे मूळ त्या कागदात आहे हे अचूक ओळखले होते. निरक्षरता आणि अडाणीपणा या दोन गोष्टी एक नाहीत, याचा हा पुरावा.

१८/
पण या शहाणपणाला आंधळे कोपरेही होते. रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर, म्हणजे बाहेरून आलेल्यांवर निघाला. ब्राह्मण सावकार आणि गावचेच सधन शेतकरीही व्याजाने पैसे देत, ते बऱ्याच अंशी बचावले. 'परका' ओळखणे सोपे असते, व्यवस्था ओळखणे कठीण. शिवाय रोखा जळाला तरी न्यायालयातील हुकूमनामा जळत नाही आणि साऱ्याची तारीखही पुढे जात नाही. पुढल्या हंगामात बियाण्यासाठी पुन्हा कोणाच्या तरी ओसरीवर जावेच लागणार होते.

१९/
सरकारने पुण्याहून सैन्य बोलावले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेनऊशे लोकांना अटक झाली आणि सुमारे पाचशे जणांना दोषी ठरवण्यात आले. १८५७ ची आठवण अजून ताजी होती, त्यामुळे कलकत्त्याच्या सरकारने मुंबई सरकारवर चौकशीसाठी दबाव आणला. 'डेक्कन रायट्स कमिशन' नेमले गेले. त्याने गावोगावचे जबाब, कर्जाचे तपशील, पिकांचे भाव, साऱ्याचे आकडे गोळा केले. हा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. एका अर्थाने कर्ड्याच्या लोकांनी जी बेरीज तोंडी केली होती, तीच आता कागदावर मांडली गेली.

२०/
यातील नवे किती? विंगेट यांनी १८५२ मध्येच सरकारला लिहिले होते की कर्जवसुलीच्या कायद्याने सावकार आणि कूळ यांच्यातील जुना परस्परविश्वास मोडला आहे. म्हणजे ज्या अधिकाऱ्याने ही व्यवस्था उभारली, त्यानेच दंग्यांच्या तेवीस वर्षे आधी धोक्याची घंटा वाजवली होती. पत्र दप्तरात राहिले. सरकारपाशी माहितीची कमतरता नव्हती. ती माहिती गांभीर्याने घेण्यासाठी मात्र पेटलेल्या गंजी पाहाव्या लागल्या. ज्ञान दप्तरात साठवता येते. त्याची निकड वाटणे हा वेगळा भाग आहे.

२१/
आयोगाने दोष प्रामुख्याने सावकारी आणि दिवाणी कायद्यावर ठेवला. वाढीव साऱ्याला गौण मानले. स्वतःकडे बोट दाखवणे कोणत्याही सत्तेला जड जाते. तरीही आयोगाचेच एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी स्वतंत्र टिपण लिहून फेरआकारणीचा वाटा ठामपणे मांडला. बहुमताच्या अहवालाबरोबर हे वेगळे मतही छापले गेले, म्हणून आज ते वाचता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एखादा सरकारी अहवाल हाती घेतला, तर शेवटची टिपणे आधी वाचावीत, असे म्हणण्यामागे हेच कारण आहे.

२२/
१८७९ मध्ये 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातील मुख्य कल्पना पाहण्यासारखी आहे. न्यायाधीशाने केवळ समोरच्या रोख्यावर विसंबू नये. व्यवहार पहिल्यापासून तपासावा, मुद्दल खरे किती आणि व्याज किती ते वेगळे करावे. शेतकऱ्याला कर्जासाठी तुरुंगात टाकणे बंद झाले. रोखे ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत, भांडण न्यायालयात जाण्याआधी समेटाचा प्रयत्न व्हावा, अशा तरतुदी झाल्या. १८५९ चा कायदा कागदाशी थांबला होता. १८७९ चा कायदा कागदामागच्या माणसापर्यंत जाऊ पाहत होता. वीस वर्षांत सरकार एवढे शिकले.

२३/
आणि तरीही पळवाटा निघाल्या. गहाणखताची छाननी होणार म्हणून सावकार गहाणाऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. 'पैसे फेडलेस की जमीन परत' हा बोलीचा करार तेवढा तोंडी राहिला. अनेकांच्या बाबतीत तो पाळला गेला नाही. पूर्वी कर्ज बुडाले की जमीन जात असे, आता कर्ज घेतानाच ती कागदोपत्री जाऊ लागली. यावर पुढे कायद्यात दुरुस्त्या कराव्या लागल्या. एका ठेचेतून आलेले शहाणपण पुढच्या ठेचेसाठी पुरत नाही. त्याची फेरआकारणी करत राहावी लागते.

२४/
पुण्यात याच काळात दोन वेगळी उत्तरे शोधली जात होती. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सर्वसामान्यांच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरला आणि १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. त्यांच्या मांडणीत शेतकऱ्याच्या सर्व अनर्थांची साखळी विद्या नाकारली गेल्यापासून सुरू होते, आणि विद्या नाकारणारी माणसे कोण, हेही ते नाव घेऊन सांगतात. निशाणी नांगराची जागा स्वतःच्या सहीने घेतली पाहिजे, असा त्याचा व्यवहारी अर्थ. दुसरीकडे न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न स्वस्त कर्जासाठी शेतकी बँकेचा पुरस्कार करत होते. पुरंदर तालुक्यासाठी आखलेली वेडरबर्न यांची योजना लंडनच्या भारतमंत्र्यांनी नाकारली.

२५/
सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये आला. सुप्याच्या बाजारापासून एकोणतीस वर्षांनी. सावकाराला हटवायचे तर त्याच्या जागी काय, या प्रश्नाला मिळालेले ते पहिले संस्थात्मक उत्तर. त्यातही कर्ड्याचा धागा दिसतो. वाळीत टाकताना गाव एकत्र आले होते ते नाकारण्यासाठी. पतसंस्थेत एकत्र यायचे होते ते एकमेकांना जामीन राहण्यासाठी. एकजूट तीच, काम वेगळे. पुढे या दोन तालुक्यांत कालव्याचे पाणी आले, ऊस आला, सहकारी कारखाने आले. सहकाराचेही स्वतःचे सावकार आणि स्वतःची कुळे तयार होऊ शकतात, हा धडा विसाव्या शतकाने नंतर दिला.

२६/
शिरूर तालुक्याच्या वाट्याला आणखी एक मान आला. हॅरॉल्ड मान आणि ना. वि. कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या गावाचा घराघरांत जाऊन अभ्यास केला. तो १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाकडे किती जमीन, तिचे किती तुकडे, उत्पन्न किती, देणे किती. बहुसंख्य कुटुंबांचा खर्च मिळकतीत भागत नाही, असे चित्र त्यातून पुढे आले. दंगा नसताना, आग लागलेली नसताना कोणीतरी शांतपणे हिशोब मांडत होते. ठेच लागण्याची वाट न पाहता दगड मोजण्याचा हा प्रकार होता.

२७/
शेवटी इतिहासकारांच्या शहाणपणाबद्दल. इंग्रज इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये एका लेखात विचारले की हे दंगे खरोखर एवढे मोठे होते का? हजारो गावांच्या प्रदेशात तीसेक गावे, काही आठवड्यांचा काळ. त्यांच्या मते घटनेपेक्षा तिची आख्यायिका मोठी झाली. रवींदर कुमार यांनी त्याआधी यात ग्रामसमाजातील खोल बदल पाहिला होता. रणजित गुहा यांनी पुढे शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जाणिवेचा शोध घेतला. कागदपत्रे बहुतांशी तीच, प्रश्न वेगळे. यातील एकच बरोबर, असे ठरवण्याची घाई नसावी. आकार लहान असूनही परिणाम मोठा असू शकतो, आणि परिणाम मोठा झाला म्हणून आकार वाढवून सांगण्याचीही गरज नसते.

२८/
'शहाणा' हा शब्द 'सज्ञान' या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. कायद्याच्या भाषेत सज्ञान म्हणजे वयात आलेला, आपल्या सहीची जबाबदारी घेऊ शकणारा. या प्रकरणात सज्ञान कोण होते? सही न करता येणारे कर्ड्याचे ग्रामस्थ एका परीने नक्कीच होते. त्यांनी आपापले झाकलेले कर्ज चार लोकांत उघडे केले आणि त्यातून सर्वांना लागू पडणारी गोष्ट ओळखली. सरकारला तेच करायला आयोग लागला, सुधारकांना सभा लागली, मान आणि कानिटकर यांना पाहणी लागली. ठेच एकट्याला लागते. ती बोलली गेली, मोजली गेली, दुसऱ्याच्या ठेचेशी ताडून पाहिली गेली, तरच मागच्याच्या उपयोगी पडते.

२९/
म्हणून त्या म्हणीत एक पायरी घालून वाचावी लागते. पुढच्याला ठेच लागली, त्याने ती लपवली नाही, मागच्याने ती ऐकून घेतली, आणि मग तो शहाणा झाला. मधली पायरी गळली की दगड तसाच रस्त्यात राहतो. आजही कर्जाच्या ओझ्याखालचा माणूस, मग तो शेतकरी असो वा मोबाइलवरच्या ॲपमधून झटपट कर्ज घेतलेला तरुण, पहिल्यांदा घरच्यांपासून लपवतो आणि एकटा पडतो. १८७४ च्या डिसेंबरात कर्डे गावाने नेमका तो एकटेपणा मोडला होता. पुणे-नगर रस्त्याने शिरूरकडे जाताना किंवा दौंडच्या गाडीने केडगाव ओलांडताना एवढे आठवले, तरी पुरे.

(समाप्त)